सायलेन्सर गावातच होतो, पण मापाने

जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर कुजला की नांदेडजवळच्या विष्णुपुरीपासून अर्धापूर-मुदखेडपर्यंतच्या केळी-हळदीच्या पट्ट्यात काय, किंवा लातूरकडच्या सोयाबीनच्या रानात काय, दोनच सल्ले मिळतात. एक सल्ला सुट्या भागांच्या दुकानात मिळतो : बसवायचा तर कंपनीचाच बसवा, पत्र्याच्या कामात पैसे घालू नका. दुसरा पारावर फुकट मिळतो : सायलेन्सर हवाच कशाला? एक नळकांडे डकवून द्या, आवाज जरा वाढेल, पण ट्रॅक्टर जोरात ओढेल. एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे दिसणारे हे दोन्ही सल्ले एकाच अज्ञानातून निघालेले आहेत. सायलेन्सरच्या पोटात काय असते, हे दोघांनीही पाहिलेले नसते. ते पाहिले तर तिसरी वाट दिसते, आणि माझ्या मते जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या मालकाला परवडणारी तेवढी एकच वाट आहे : सायलेन्सर गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातच करून घ्यायचा, मात्र आतल्या मापासकट.

आधी पारावरचा सल्ला घेऊ, कारण त्याच्या पाठीशी अनुभव आहे असे सांगितले जाते. सायलेन्सर काढला, नळकांडे लावले आणि ट्रॅक्टर हलका चालू लागला, ही हकीकत खोटी नाही. तिचा लावलेला अर्थ खोटा आहे. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या सायलेन्सरच्या आत काजळीचे थर बसलेले असतात, भोकांची नळी गंजून खचलेली असते, कधी तिचाच तुकडा आडवा पडून धुराची वाट अडवून बसतो. एवढा बोळा निघाल्यावर इंजिन मोकळे झाले तर त्यात नवल काय? तुलना झाली ती तुंबलेल्या सायलेन्सरशी. धड सायलेन्सरशी कोणी करून पाहिलीच नाही. शिवाय डिझेल इंजिनाची ताकद धुराच्या तोंडाशी ठरत नाही. दर फवाऱ्याला किती डिझेल आत जायचे ते पंप ठरवतो, फेऱ्यांना लगाम गव्हर्नर घालतो. टर्बो नसलेल्या या जुन्या इंजिनांत धड सायलेन्सर जेवढी ताकद खातो ती नांगराच्या तासाला कळण्याइतकी नसते. कळतो तो आवाज, आणि आपल्याकडे आवाजालाच जोर समजण्याची खोड जुनी आहे.

त्या आवाजाची किंमत मात्र कोणी तरी मोजतोच. उभा सायलेन्सर बॉनेटवर, म्हणजे चालकाच्या तोंडासमोर पाच-सहा फुटांवर असतो. रोटाव्हेटर मारताना तिथे बसून दिवस काढायचा असतो. अमेरिकेतील नायोश ही कामगार-आरोग्य संशोधन संस्था ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालवून घेते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. उघड्या नळकांड्यासमोर हा हिशेब सकाळच्या न्याहारीआधीच संपतो. भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरवर मालक वेगळा आणि चालक वेगळा असतो. वाचलेले पैसे मालकाचे, गेलेला कान चालकाचा. मळणीच्या दिवसांत दुसरा धोका. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतो आणि बाजूलाच सोयाबीनची वाळलेली बनीम, म्हणजे गंजी, असते. नळकांड्यातून तापलेली काजळी ठिणगीसकट थेट बाहेर पडते. सायलेन्सरच्या डब्यात धुराचा वेग मंदावतो, त्यामुळे तिच्यातली बरीचशी आतच पडून विझते. आणि कायद्याचे म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम शेतीच्या ट्रॅक्टरचे नाव घेऊनच सायलेन्सर सक्तीचा करतो. त्याच नियमात सायलेन्सर म्हणजे काय तेही आहे : धुराला पसरायला डबा देऊन किंवा अन्य रीतीने आवाज शक्य तेवढा कमी करणारे साधन. नळकांडे या व्याख्येत बसत नाही. कंपनीचे नाव मात्र त्या व्याख्येत कुठेही नाही.

इथून दुकानदाराच्या सल्ल्याकडे वळावे लागते. तो पारावरच्या सल्ल्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहे. कंपनीचा सायलेन्सर इंजिनाच्या मापाने घडवलेला असतो, मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रात ट्रॅक्टरची चाचणी होते तेव्हा चालकाच्या कानाशी येणारा आवाजही मोजला जातो, हे सगळे मान्य. पण प्रश्न असा की कोणती कंपनी? एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेऊन १९७१ पासून पिंजोरला ट्रॅक्टर बांधले. २५ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा २५११ त्यातलाच. त्या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला. बी-२७५ हे मूळचे इंटरनॅशनल हार्वेस्टरचे विलायती मॉडेल. ते इथे आणणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ साली निघाली आणि १९७७ साली महिंद्रात विलीन झाली. अशा ट्रॅक्टरसाठी ‘ओरिजिनल’ म्हणून जे खोके पुढे केले जाते त्यातला माल पुष्कळदा तिसऱ्याच कारखान्यातला असतो. म्हणजे पैसे नावाचे आणि माल पत्र्याचाच. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली अमेरिकेत कब कॅडेट नावाचा बागेतला छोटा ट्रॅक्टर काढला होता. त्याचे आजचे हौशी मालकही सायलेन्सरसाठी अशीच वणवण करतात आणि शेवटी छोट्या वर्कशॉपांतून करून घेतात. तिकडे तो हौसेचा मामला आहे, इकडे पेरणीचा.

कंपनीच्या मालाविरुद्ध आणखी एक गोष्ट जाते, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. केळीच्या दोन ओळींतून जाणाऱ्या साडेअठरा अश्वशक्तीच्या मित्सुबिशी शक्तीसारख्या छोट्या ट्रॅक्टरवर उभा सायलेन्सर काय कामाचा? पाने अडकतात, तापलेल्या धुराने करपतात. तिथे सायलेन्सर आडवा, बुटका आणि तोंड पानांपासून वळवलेला हवा. असा आकार ज्याच्या त्याच्या बागेनुसार बदलतो, आणि तो बदलून देण्याची ऐपत फक्त स्थानिक कारागिरात असते.

आता खरा आक्षेप. गावात केलेले सायलेन्सर वाईट निघतात, हा. तो खोटा म्हणता येणार नाही. पाइपच्या भोवती पत्र्याचा डबा गुंडाळायचा, दोन टोकांना वेल्डिंग मारायचे, वरून चंदेरी रंग फासायचा, असे काम सर्रास होते. कधी डबा इतका बारीक की आवाज हलतच नाही. कधी आतली भोके इतकी थोडी की धूर कोंडतो, इंजिन तापते, काळा धूर ओकते आणि दोष पंपाला दिला जातो. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? कारागिराला येत नाही असा नव्हे, कारण जो माणूस ट्रॉलीची चेसिस सरळ रेषेत जोडतो त्याला डबा जोडता येतोच. त्याच्यापुढे माप ठेवलेले नसते, एवढेच. आणि हे माप काही गूढ नाही. पाइपच्या मानाने डब्याचा व्यास दुप्पट ठेवला तर, डब्याची लांबी ज्या सुराला जुळते त्या सुराचा आवाज जेमतेम साडेसहा डेसिबलने उतरतो. तिप्पट ठेवला तर तेराने. म्हणजे २ इंची पाइपला ४ इंची डबा ही फसवणूक आणि ६ इंची डबा हे काम. डब्याची लांबी दीड फूट असली तर तो सेकंदाला अडीचशे कंपनांच्या आसपासचा कर्कश भाग चांगला खातो. दोन सिलिंडरच्या झेटरचे सेकंदाला तेहतीस ठोके तसेच ऐकू येतील. ते कंपनीच्या सायलेन्सरमधूनही येतात, आणि कानाला त्यांचा त्रास कर्कश आवाजाएवढा होत नाही. भोकांचे गणित तर शाळकरी आहे. ५० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपचे तोंड सुमारे १९६० चौरस मिलिमीटरचे. ६ मिलिमीटरचे एक भोक सव्वाअठ्ठावीसचे. सत्तर भोके पाडली की बरोबरी होते. धूर कोंडायचा नसेल तर दीडपट, म्हणजे एकशेपाच भोके पाडावीत. मिस्त्रीने तीस भोकांवर ड्रिल खाली ठेवले की इंजिनाचा गळा आवळला जातो, आणि नाव मात्र ‘लोकल माल’ म्हणून पत्र्याचे खराब होते.

टिकण्याचेही तसेच. सायलेन्सर बाहेरून गंजतो असे समजून लोक त्यावर रंग फासत राहतात. तो आतून गंजतो. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. इंजिन पुरते तापायच्या आत बंद केले की ती वाफ डब्यात थंड होऊन तळाशी साचते. म्हणून पत्रा १८ गेजचा न घेता १६ गेजचा घ्यावा आणि डब्याच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचे एक भोक ठेवावे. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर बिजागरीचे झाकण हवे. ते नसते म्हणून तर पावसाळ्यात रात्री तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालण्याची वेळ येते आणि ज्या रात्री विसर पडतो त्या रात्री पाणी मॅनिफोल्डपर्यंत उतरते.

खर्चाचा मुद्दा उरतो, आणि तोच सर्वांत मोठा. ६ इंची व्यासाच्या, दीड फुटी डब्याला १६ गेजचा तीन किलोच्या आसपास पत्रा लागतो. पाइप आणि फ्लँज धरून सगळे लोखंड सहा-सात किलोंत भागते. लोखंड महाग नाही. महाग आहे ते पहिल्या नगाचे डोके : मॅनिफोल्डच्या फ्लँजवरची बोल्टची अंतरे मोजणे, पत्रा वळवणे, भोके आखणे. एकटा मालक एकच नग करायला सांगतो तेव्हा हा सारा खर्च त्याच्याच माथी बसतो, आणि मग ‘यापेक्षा कंपनीचा परवडला असता’ ही तक्रार खरी ठरते. उपाय उघड आहे. एका मॉडेलचा एक फर्मा बनवून वीस नग एकदम करायचे. पंचक्रोशीत त्याच मॉडेलचे वीस ट्रॅक्टर नाहीत, असे निदान बी-२७५ किंवा मॅसी १०३५ बाबत म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शेतकरी उत्पादक कंपन्या बियाणे आणि खत एकत्र खरेदी करतात, अवजार बँका चालवतात. मग सायलेन्सरच्या ऑर्डरी एकत्र करायला अडचण कसली?

कोणी म्हणेल, ही नक्कल झाली, बेकायदेशीर आहे. भारतात पेटंट २० वर्षांत संपते, नोंदलेले डिझाइन फार तर १५ वर्षांत. ज्या ट्रॅक्टरांबद्दल आपण बोलतो आहोत त्यांचे हे हक्क असलेच तर केव्हाच संपलेले आहेत. गुन्हा होतो तो डब्यावर कंपनीचे नाव ठोकल्याने. दुकानाने आपले स्वतःचे नाव ठोकावे, जबाबदारीही मग त्याच्यावर येते. दुसरा कोणी म्हणेल, जुने ट्रॅक्टर आता भंगारातच निघणार, कशाला हा खटाटोप? दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात काढावाच लागणार, ही आवई मध्यंतरी उठली होती आणि केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ती निराधार ठरवली. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी आधी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. सहा-सात किलो लोखंडापायी टनाहून जड यंत्र मोडीत घालून नव्याचे कर्ज काढा, हा सल्ला देणाऱ्याने हप्ते कोण भरणार तेही सांगावे.

उरतो मापाचा कागद. तो कोणी काढायचा, याचे उत्तर विष्णुपुरीतच आहे. १९८१ साली सुरू झालेले श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे. त्यात मेकॅनिकल आणि प्रॉडक्शन, दोन्ही शाखा आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प करावाच लागतो. त्यातल्या एकेका गटाने एकेका जुन्या मॉडेलचा सायलेन्सर मोजून, करून, आवाज आणि धुराचा उलटा दाब तपासून एक-एक पानाचे ड्रॉइंग मराठीत खुले करावे. हे काम अभियंत्याच्या पदवीला फार किरकोळ आहे, असा एक नाकमुरडा आक्षेप येईल. नळी, डबा आणि ध्वनिलहरी यांचे गणित परीक्षेत सोडवताना ते किरकोळ वाटत नाही, मग झेटरवर बसवताना का वाटावे?

तोवर ट्रॅक्टरवाल्यांना एक विनंती. कुजलेला सायलेन्सर भंगारवाल्याला देण्याआधी ग्राइंडरने उभा चिरा. आतल्या नळीचा व्यास, भोकांची संख्या आणि मोडलेल्या पडद्यांच्या जागा मोजून वहीत उतरवा, मोबाइलवर फोटो काढा आणि मगच मिस्त्रीकडे जा. बंद पडलेल्या कारखान्याचे तेवढेच एक ड्रॉइंग तुमच्या हाती आहे.