केबिन जुनी, चॅसी नवी : एका बदनाम जोडकामाची बाजू

मराठीच्या अभ्यासकांना एक शेरा फार सोयीचा वाटत आला आहे : 'नव्या बाटलीत जुनी दारू'. पुराणकथेवर बेतलेली कादंबरी असो की ओवीछंदातली आजची कविता, हा शेरा मारला की पुढे वाचण्याची जबाबदारी संपते. आम्हीही तो उत्तरपत्रिकांच्या समासात लिहिला आहे, हे कबूल करतो. त्यामागचे गृहीतक असे, की बाटली निर्विकार असते, दारूही निर्विकार असते, आणि एकीतून दुसरीत ओतणे हे काही काम नव्हे.

हेच गृहीतक साहित्यापासून फार दूरच्या एका वादात आम्हाला भेटले. अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळातल्या शेव्हरोले पिकअप ट्रकची गोलसर केबिन उतरवून ती त्याच कंपनीच्या एस-१० या लहान पिकअपच्या चॅसीवर बसवण्याची प्रथा आहे. (एस-१० ही गाडी १९८२ ते २००४ या काळात विकली गेली.) जुन्या वाहनांच्या जगातले शुद्धतावादी या कामाला भ्रष्टता म्हणतात. वरून जुने, खालून नवे, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोटे, असा त्यांचा युक्तिवाद. तो आम्हाला साफ अमान्य आहे.

आधी हे काम काय असते ते पाहू. जुन्या अर्ध्या टनी ट्रकच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ११६ इंच. एस-१० मध्ये ते गाडीच्या प्रकारानुसार सुमारे १०८, ११८ किंवा १२३ इंच. कोणतीही चॅसी निवडा, माप तंतोतंत जुळत नाही. पुढचे चाक मडगार्डच्या कमानीच्या बरोबर मध्यावर यायला हवे. म्हणून केबिनची जागा पुढच्या आसावरून ठरते आणि उरलेला फरक मागच्या हौद्यात जिरवावा लागतो. केबिनचे जुने आधार नव्या चॅसीवर बसत नाहीत. पोलाद कापून ते नव्याने वेल्ड करावे लागतात. त्यांत रबरी बुश घातले नाहीत, तर चॅसीचा पीळ थेट केबिनच्या पत्र्यात उतरतो आणि दारे लागेनाशी होतात. स्टिअरिंगचा दांडा वेगळ्या कोनातून न्यावा लागतो, त्यात सांधे घालावे लागतात. शिवाय नव्या चॅसीची चाके किंचित आत असल्याने जुन्या रुंद मडगार्डांखाली ती बारकी दिसतात, थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तशी. मग त्यावरही उपाय शोधावा लागतो. केबिन चॅसीला बदलायला लावते आणि चॅसी केबिनला. इतके निर्णय ज्यात घ्यावे लागतात त्या कामाला 'ओतणे' म्हणणाऱ्याने ते काम कधी पाहिलेलेच नसते.

आता 'मूळ' या शब्दाकडे वळू. शुद्धतावाद्यांचे सारे देवघर या एका शब्दावर उभे आहे. पण जिच्या पावित्र्याविषयी ते बोलतात ती केबिन कारखान्यातच कोणा एका चॅसीशी बांधलेली नव्हती. अर्ध्या टनाचा ट्रक, पाऊण टनाचा, एक टनाचा आणि त्याहून मोठा, अशा वेगवेगळ्या लांबीच्या चॅसींवर तीच केबिन बसत असे. म्हणजे केबिन आणि चॅसी यांची ताटातूट हा या ट्रकाच्या रचनेचाच पाया आहे. आपल्याकडे तर अनेक दशके कारखान्यातून इंजिनासह चॅसी आणि पुढचा दर्शनी भाग एवढेच बाहेर पडे. केबिन बांधणारे कारागीर वेगळे, लाकूड वेगळे, रंगारी वेगळा. त्या ट्रकांचे 'मूळ रूप' कोणते म्हणून दाखवणार?

यात केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न असता, तर आम्ही इतके चिडलो नसतो. जुन्या चॅसीवर पुढचा आस अखंड, पाट्यांवर टेकलेला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि सर्वांना तेल पुरवणारा मार्ग एकच. त्या मार्गात कोठेही गळती लागली की पायाखालचे पेडल सरळ तळाला जाते. एस-१० ला पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, पुढे डिस्क ब्रेक, आणि ब्रेकच्या तेलाचे मार्ग दोन. एक गेला तरी दुसरा उरतो. शुद्धतावादी जुन्या व्यवस्थेला 'त्या काळाचा अस्सल अनुभव' म्हणतात. संग्रहालयात तो अनुभव निरुपद्रवी आहे. शेजारी मूल बसवून महामार्गावर जाणाऱ्याने तो का घ्यावा? यावर उत्तर येते, की जुन्या चॅसीवरही डिस्क ब्रेक बसवता येतात. जरूर येतात. पण मग 'मूळ' तेथेच सोडले, आता भांडण फक्त किती सोडायचे याचे उरले. (वाईट वेल्डिंग जुन्या ब्रेकइतकेच घातक असते, हे आम्हाला मान्य आहे. ते कारागिराचे पाप, पद्धतीचे नव्हे.)

शुद्धतावाद्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. धडधाकट, सर्व अंगांनी पूर्ण असा जुना ट्रक केवळ हौसेखातर चिरला जातो, तेव्हा जगातला एक पुरावा कमी होतो. कुजलेल्या चॅसीवरची, शेतात पडलेली केबिन वाचवणे वेगळे आणि चालती गाडी फाडणे वेगळे. हस्तलिखिताची एकमेव प्रत कापून तिची कात्रणे नव्या वहीत चिकटवणाऱ्याला आपण संपादक म्हणत नाही.

आणि एका बाबतीत आम्ही जोडकाम करणाऱ्यांच्याही विरोधात आहोत. जुन्या शेव्हरोलेचा क्रमांक दाराच्या खांबावरील पट्टीवर असतो, म्हणजे केबिनबरोबर तो नव्या चॅसीवर येतो. एस-१० चा क्रमांक डॅशबोर्डवर. तिची केबिन भंगारात गेली की तो दृष्टीआड होतो. परिणामी कागदावर १९५१ चा ट्रक उरतो आणि त्याखालची १९९४ ची चॅसी अनाम होते. मग विकताना 'पुनरुज्जीवित १९५१' असे बिनदिक्कत लिहिले जाते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात वाहनाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात 'विशेष बांधणीचे वाहन' अशी वेगळी वर्गवारीही आहे. तरी लपवालपवी चालते, कारण जुन्या सालाला भाव असतो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असा त्यांनी निषेधही केला. म्हणून शुद्धतावादी त्यांना आपल्या बाजूने उभे करतील. पण त्याच एकनाथांनी ग्रंथाच्या शेवटी आपल्या ओव्या जोडल्या आणि आपण हे काम केले, अमुक शकात केले, हे त्यांत सांगून टाकले. आपला हात त्यांनी लपवला नाही, ग्रंथातच नोंदवून ठेवला. ज्ञानदेवांचा शब्द आणि एकनाथांचे काम, दोन्ही आपल्याला वेगवेगळे ओळखू येतात ते त्या ओव्यांमुळे.

जोडकाम करणाऱ्यांकडून आमची मागणी तेवढीच आहे. दाराच्या खांबावर जुन्या पट्टीशेजारी आणखी एक पट्टी लावा : केबिनचे साल, चॅसीचे साल, दोहोंचे क्रमांक आणि जोडणाऱ्याचे नाव.