नव्या सर्व्हरला नवी की

आयआयएसवरची साइट लिनक्सवर न्यायची असली तर आपल्यापैकी बहुतेक जण ठरलेल्या वाटेने जातात. पीएफएक्स फाइल एक्सपोर्ट करायची, ओपनएसएसएलने तिच्यातून सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की वेगळी काढायची, एनजिनएक्सला दोन्हींचे पाथ द्यायचे. साइट सुरू होते, ब्राउझर तक्रार करत नाही, काम संपले असे वाटते. मधल्या वेळात ती की कुठे कुठे जाऊन आली, हे मात्र कुणी विचारत नाही.

पीएफएक्स डाउनलोड्समध्ये पडून राहते. ती ईमेलने सहकाऱ्याकडे जाते आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये असतो. त्यात ओपनएसएसएल ३ जुन्या विंडोजची पीएफएक्स उघडताना अडते, कारण तिच्यातले आरसी२ एन्क्रिप्शन आता मुळात बंद असते. ‘लेगसी’ हा पर्याय दिला तर फाइल उघडते. पण घाईत असलेला माणूस एखादी फुकट कन्व्हर्टर साइट शोधतो आणि फाइल पासवर्डसकट तिथे अपलोड करतो. त्या क्षणी ती की आपली राहत नाही.

२०१८ मध्ये ट्रस्टिको या ब्रिटिश सर्टिफिकेट विक्रेत्याने ग्राहकांच्या सुमारे २३,००० प्रायव्हेट की सर्टिफिकेट देणाऱ्या डिजिसर्ट कंपनीला चक्क ईमेलने पाठवल्या. नियमानुसार डिजिसर्टला ती सर्टिफिकेटे २४ तासांत रद्द करावी लागली. विक्रेत्याकडे या की आल्याच कशा? ग्राहकांनी त्या स्वतःच्या सर्व्हरवर न बनवता त्याच्याच वेबसाइटवर बनवून घेतल्या होत्या.

आमचे मत स्पष्ट आहे: की हलवू नका. नव्या मशीनवर नवी की बनवा, तिथूनच सीएसआर काढा आणि सर्टिफिकेट रीइश्यू करून घ्या. मुदत शिल्लक असेल तर बहुतेक कंपन्या यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत. लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हर असतील किंवा एखाद्या ॲपमध्ये की पिन केलेली असेल, तेव्हा नाइलाज असतो. मग ती थेट एसएसएचवरून न्या, मालकी रूटची आणि परवानगी ६०० ठेवा, मधल्या सगळ्या प्रती पुसा. बॅकअपमध्ये गेलेली प्रत सहसा विसरली जाते.

सीए/ब्राउझर फोरमने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, तर १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस आहे. दर दीड महिन्याला हाताने फाइली नेणे कुणालाच झेपणार नाही. सर्टबॉटसारखी साधने की सर्व्हरवरच बनवतात आणि नूतनीकरणही आपोआप करतात. त्यांची सवय आजच लावून घ्यावी.

ज्यांचे स्थलांतर सध्या चालू आहे, त्यांना एक विनंती. नवा सर्व्हर नीट चालू लागला आणि जुने सर्टिफिकेट आणखी कुठे वापरात नाही याची खात्री झाली, म्हणजे ते रद्द करा आणि जुन्या मशीनवरची की पुसा. त्यानंतरच ते मशीन परत करा.