पोस्टर काढणाऱ्याचं नाव कुठे आहे?



गेल्या जयंतीला खंडाळ्यात आमच्या भीमगीतांच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स लागला. वर बाबासाहेब, मध्ये गायक-गायिका, खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो. मी मोजले. साउंडवाल्याचं नाव होतं, मंडपवाल्याचंही होतं. ज्या पोराने दोन रात्री जागून तो बनवला, त्याचं नाव नव्हतं. त्याने पैशांचा विषय काढला तेव्हा आमच्यातलाच एक म्हणाला, "समाजाचं काम आहे, पैसे कसले मागतोस?" मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

पोस्टर काढून पोट भरतं का, असं त्या पोराची आई विचारते. तिचं काय चुकलं? कोल्हापूरचे जी. कांबळे घ्या. सिनेमाच्या पोस्टरमधला हा मोठा माणूस. व्ही. शांताराम यांच्या राजकमलसाठी काम करत होते, तिथून के. आसिफनी त्यांना 'मुघल-ए-आझम'साठी ओढून नेलं. 1960 साली मराठा मंदिरवर लागलेली ती भव्य चित्रं कांबळ्यांची. त्यांच्यासाठी विन्सर अँड न्यूटनचे रंग लाखो रुपये मोजून घेतले गेले. रंगांना पैसे होते. रंगवणाऱ्याचा मोबदला मात्र फसवणुकीत बुडाला, अशी त्या चित्रपटाच्या इतिहासात नोंद आहे. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेलं शिवाजी महाराजांचं चित्रही याच माणसाचं. ते कचेरीकचेरीत लागलंय, पण खालची सही किती जण वाचतात? (आडनाव वाचून जात शोधायला निघू नका. माझा मुद्दा मजुरीचा आहे.)

हे फक्त इथेच घडतं असंही नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला वेस विल्सनने 1966 पासून फिलमोर सभागृहातल्या रॉक मैफलींची पोस्टरं काढली. ज्वाळांसारखी वळणारी त्याची अक्षरं जगभर गाजली. 1967 मध्ये आयोजक बिल ग्रॅहमशी पैशांवरून बिनसलं आणि तो बाहेर पडला. निदान त्याने भांडण तरी केलं. आमच्या पोराला भांडायचीही सोय नाही, कारण समोर मालक नाही, समाज आहे.

"समाजाचं काम" हा शब्द मला टोचतो तो यासाठी. आपल्या आज्या-पणज्यांना गावकीचं काम म्हणूनच राबवलं गेलं. कामाला वेळ नाही, मोबदल्याची खात्री नाही. त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. त्यांच्याच जयंतीच्या फ्लेक्ससाठी आपण पोराकडून वेठ घ्यायची?

कुणी म्हणेल, जलशावाले पदरमोड करून गावोगाव फिरले, त्यांनी कुठे बिल लावलं? खरं आहे. पण ते त्यांनी स्वतःच्या मनाने दिलं. दुसऱ्याच्या रात्री दान करण्याचा हक्क मंडळाला कुणी दिला? आणि चळवळीकडे पैसा नाही हेही सांगू नका. डीजेवाल्याला आपण आगाऊ रक्कम देतो, तीही न कुरकुरता.

लोणावळ्याहून लोकल पकडा, मळवलीला उतरा. इथे रविवर्म्यांचा छापखाना होता. रविवर्म्यांचं नाव घराघरात गेलं. तिथे दगडावर एकेका रंगासाठी चित्र उतरवणाऱ्या कारागिरांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल का? मला येत नाही. आता त्याच स्टेशनावरून कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तिथे आपलं नाव कोरून घेतलंय, तो धनवान होता. पण त्याच लेण्यात दुसराही लेख आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, वढकी म्हणजे सुतार, याने दार केलं, असं तो लेख सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूसंघाला सुताराचं नाव, बापाच्या नावासकट, दगडावर चालत होतं. आपल्याला एका फ्लेक्सवर चालत नाही.

येत्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. फ्लेक्सच्या कोपऱ्यात पोराचं नाव आणि फोन नंबर, आणि त्याचे पैसे मंडपवाल्याच्या आधी. मागच्या वर्षीचेही. एकवीस फोटोंपैकी चार कमी करावे लागले तर पहिला माझा काढा.