टाच मागे गेली का?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा 16 वर्षांचा आमचा भाचा पडवीतल्या पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता. घोट्याला क्रेप बँडेज, तोंड उतरलेले. ज्यांच्यामुळे हे झाले, ते दोन लांब पाय कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. त्यांना जंपिंग स्टिल्ट्स म्हणतात. कतारहून येताना चाचांनी ते थोरल्या पुतण्यासाठी आणले होते. दादींनी पहिल्याच दिवशी त्यांचे नाव ‘बगळ्याचे पाय’ ठेवले होते. आता त्या म्हणत होत्या, “भंगारवाला आला की आधी हे उचलून द्या.” बहिणीचेही तेच म्हणणे. चाचा बिचारे मान खाली घालून बसलेले. हौसेने आणलेल्या वस्तूने घरचेच पोर जायबंदी झाले, हे त्यांच्या मनाला लागले होते.

एक्स-रे काढून झाला होता. हाड मोडले नव्हते, स्नायुबंध ताणला गेला होता. तीन आठवडे पायावर जोर द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. थोडक्यात निभावले. पण दोष कोणाचा, हा प्रश्न घरात घुमत होता. स्प्रिंगचा, मुलाचा की आणणाऱ्याचा? आम्ही ती जोडी मांडीवर घेतली आणि नीट पाहिली.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. जर्मनीच्या अलेक्झांडर ब्योक यांनी ती तयार केली आणि 2004 साली त्यांना अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. म्हणूनच या खेळाला ‘पॉवरबॉकिंग’ असेही म्हणतात. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपात असे पाय बांधून उड्या मारणारे कलाकार अनेकांनी टीव्हीवर पाहिले असतील. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, मागच्या बाजूला धनुष्यासारखी वाकणारी फायबरग्लासची पट्टी आणि खाली रबरी खूर, अशी तिची रचना असते. पट्टी दबते, परत सरळ होते आणि माणसाला वर फेकते. ती माणसाच्या वजनानुसार निवडायची असते. 50 ते 70 किलो, 70 ते 90 किलो असे गट असतात. माणूस जमिनीपासून सुमारे दीड फूट वर उभा राहतो. इतक्या उंचीवर पाय आणि यंत्र यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे पट्टे.

आणि घोळ तिथेच झाला होता. थोरल्याचा बूट 9 नंबरचा, धाकट्याचा 7 चा. पायाची बैठक थोरल्याच्या मापाने बसवलेली. धाकट्याने तशीच चढवली, पट्टे शेवटच्या दातापर्यंत ओढले आणि उठला. टाचेमागे चांगली दोन बोटे जागा राहिली होती. चौथ्या उडीला टाच सरकली, पाऊल आत वळले आणि तो अंगणात आडवा झाला.

आम्ही त्याच्याजवळ बसून हळूच विचारले, “तुला आधी काही जाणवले नव्हते का रे?” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, दुसऱ्या उडीलाच टाच उचलल्यासारखी वाटली होती. पण सगळे बघत होते. थांबलो असतो तर भाईजान हसला असता.”

वाचकहो, आम्हाला ही गोष्ट सैल पट्ट्यापेक्षा मोठी वाटली. पट्टा सैल आहे हे मुलाला कळले होते, फक्त ते बोलून दाखवायची सोय त्याला वाटली नाही. थोरला दारात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. पाण्याचा तांब्या भरून आणून भावाच्या उशाशी ठेवला आणि तिथेच खाली बसला.

त्या दुपारी आम्ही, चाचा आणि थोरला असे तिघे मिळून जोडी पुन्हा बसवायला लागलो. ज्या घरात अशी वस्तू असेल किंवा येणार असेल, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे देतो.

बूट आधी ठरवावा. सपाट तळव्याचा, नाडीचा, पावलावर घट्ट बसणारा बूट हवा. चप्पल, सँडल चालत नाही. ज्या बुटावर माप बसवले, तोच बूट दर वेळी घालावा.

बसायला उंच जागा घ्यावी. आपल्याकडे चिऱ्याचा कट्टा असतो, तो यासाठी उत्तम. जमिनीवर बसून पट्टे बांधले तर उठताच येत नाही.

मग टाच. पाऊल बैठकीत घालून टाच मागच्या आधाराला पूर्ण टेकेपर्यंत सरकवावी, दोनदा मागे ठोकून घ्यावी. पहिला पट्टा घोट्यापुढचा ओढायचा, बोटांवरचा नंतर. क्रम उलटा केला तर पाऊल पुढेच अडकते आणि टाचेमागे पोकळी राहते. घोट्यापुढचा पट्टा टाचेला मागे दाबून धरतो, म्हणून मान त्याचा.

घट्ट म्हणजे किती? टाच उचलून पाहावी, उचलली जाता कामा नये. बुटात बोटे मात्र हलली पाहिजेत. मुंग्या आल्या किंवा पाऊल बधिर वाटले तर पट्टा जास्त आवळला आहे. पट्टा शेवटपर्यंत ओढूनही पाऊल हलत असेल, तर बैठकच मोठी आहे. तिथे चिंध्या किंवा फोम कोंबू नये. ॲलन कीने बोल्ट सैल करून बैठक बुटाच्या मापाला आणावी आणि बोल्ट पुन्हा पक्के करावेत. दोन्ही पायांचे माप सारखे असावे.

शेवटी गुडघ्याखालचा आधार. तो वाटीच्या लगेच खाली, नडगीच्या वरच्या भागावर यावा. खाली राहिला तर नडगी सोलवटते, वर गेला तर वाटी दुखते. त्याचा पट्टा बांधल्यावर गुडघा मोकळा वाकला पाहिजे.

उभे राहताना दोन्ही बाजूंना दोन धडधाकट माणसे हवीत. खूर लहान असल्याने एका जागी स्थिर उभे राहता येत नाही, म्हणून जागच्या जागी पाय उचलत राहावे. पाचेक मिनिटे चालल्यावर पुन्हा कट्ट्यावर बसून सगळे पट्टे एकदा ओढावेत, कारण वजन पडल्यावर ते थोडे बसतात. उभे असताना एकही पट्टा सोडू नये. डोक्याला हेल्मेट, गुडघे, कोपर आणि मनगटांना गार्ड हवेतच. दर वेळी बोल्ट, रबरी खूर आणि स्प्रिंगच्या पट्टीला तडा आहे का, हे पाहून घ्यावे. जमीन कोरडी, सपाट आणि टणक हवी. पावसाळ्यात आपल्या अंगणांना शेवाळ चढते, तेव्हा ही जोडी माळ्यावरच बरी.

काम झाल्यावर चाचांनी मुलांना एक नियम घालून दिला. घालणाऱ्याने “थांबा” म्हटले की खेळ तिथेच थांबायचा. कारण विचारायचे नाही, हसायचे तर मुळीच नाही. भंगाराचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि धाकटा कट्ट्यावर बसून पट्टे ओढत होता. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला चाचा. बहीण स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, काळजी लपत नव्हती. तो उठणार इतक्यात म्हणाला, “थांबा, डावा सैल वाटतोय.” थोरला लगेच खाली वाकला आणि पट्टा पुन्हा बसवू लागला. कोणी हसले नाही.

पडवीतून दादींचा आवाज आला, “टाच मागे गेली का रे? आधी टाच बघ!”