छत्री छपरावर कशाला?

आपल्या गावात पुष्कळ घरांवर टीव्हीची छत्री आहे. कोणाची कवेलूवर, कोणाची टिनावर. कोणी ती बांबूला तारेने बांधली आहे, तर कोणी बुडाशी नुसते दोन दगड ठेवले आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी वावधन सुटले की साऱ्या छत्र्या हलतात आणि घराघरातून ओरडणे सुरू होते. "आला का?" "नाही आला!" "आता?" "आला होता, गेला!" पूर्वी मला याची फार गंमत वाटत असे. आता वाटत नाही. माझे मत असे आहे की छत्री छपरावर नसावीच. ती अंगणात, हाताला येईल अशी, सिमेंटात पक्की बसवावी.

कारण सांगतो. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी वावधन आले. पाठोपाठ पाऊस आला. टीव्हीचे चित्र आधी तुकडे तुकडे झाले, मग गेलेच. बाबा दादाला म्हणाले, "जाय रे वर, थोडीशी फिरव." दादा आमच्यात हलका आहे, म्हणून नेहमी तोच चढतो. त्याने छत्री फिरवली. आम्ही खालून ओरडत होतो. तेवढ्यात ओले कवेलू फुटले आणि दादा घसरून खाली पडला. खाली बैलांचे कुटार होते म्हणून वाचला, पण उजवा हात मोडला. बाबा रात्रभर दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होते. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. दादा डाव्या हाताने जेवत असे आणि चिडत असे.

मी ही गोष्ट शाळेत गुरुजींना सांगितली. गुरुजी म्हणाले, "अरे, त्या वेळी छत्री हललीच नसेल. जोराचा पाऊस आला की उपग्रहाकडून येणारी लाट ढगात आणि थेंबात अडकते. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते." म्हणजे दादा उगाचच चढला. उलट त्याने फिरवली म्हणून ती खरोखर बिघडली. पुढे आठ दिवस आमच्याकडे काहीच दिसले नाही. तेव्हा पाऊस चालू असताना छत्रीला हात लावायचाच नाही, हे मी घरी सर्वांना सांगितले आहे. वीज चमकत असताना लोखंडी नळी धरून छपरावर उभे राहणे तर फारच वाईट.

पण वाऱ्याने छत्री खरोखर वळते हेही खोटे नाही. छत्री सुपासारखी खोलगट असते. सूप वाऱ्यात धरून पाहा, हात मागे जातो. गुरुजींनी सांगितले की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. मला हे आधी पटले नाही. मग पावसाळी छत्री घेऊन वाऱ्यात पळून पाहिले, तेव्हा पटले. (छत्रीची एक काडी मोडली. आईला अजून माहीत नाही.) आमच्या टीव्हीला डीडी फ्री डिश आहे. तिचा उपग्रह जीसॅट-15 हा 2015 साली सोडला, म्हणजे तो जवळजवळ माझ्याच वयाचा आहे. तो सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे. आपली छत्री फक्त एक अंश वळली तरी तिथे नेम 600 किलोमीटरहून जास्त चुकतो. राजुऱ्याहून नागपूरला जाऊन परत आलो तरी एवढे अंतर होत नाही!

आता आजोबांचे म्हणणे ऐका. ते म्हणतात, "अँटेना जेवढा उंच तेवढे चित्र साफ." त्यांच्या वेळी ते खरे होते. तेव्हा लाट दूरच्या मनोऱ्यावरून आडवी येत असे, म्हणून उंच बांबू लागत असे. आता लाट वरून येते. गुरुजींनी आम्हाला मैदानात नेऊन मोठ्या कोनमापकाने दाखवले. आपल्या इथून हा उपग्रह आग्नेय दिशेला, जमिनीपासून साधारण 60 अंश वर आहे. एवढ्या उंचावरचे पाहायला छपरावर कशाला चढायचे? समोर झाड किंवा भिंत आडवी नसली म्हणजे झाले. छत्रीचे तोंड एवढे वर केलेले दिसत नाही हे खरे, पण तिची बनावटच तशी आहे, ती वरची लाट तिरपी झेलते.

1975 साली 1 ऑगस्टला आपल्या देशात उपग्रहाने खेड्यात टीव्ही दाखवण्याचा प्रयोग सुरू झाला. तो एक वर्ष चालला. सहा राज्यांतली सुमारे 2,400 गावे होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या छत्र्या तीन मीटर रुंद आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या, म्हणून वारा त्यातून निघून जाई. मी विचारले, मग आपणही जाळी लावू. गुरुजी म्हणाले की आताच्या लाटा आखूड आहेत, तसल्या मोठ्या भोकांतून निसटतील.

माझे मामा गवंडी आहेत. त्यांनी सांगितले की दोन फूट खड्डा खणायचा, नळीच्या बुडाला एक आडवी सळई जोडायची म्हणजे ती सिमेंटात फिरत नाही, आणि नळी ओळंब्याने सरळ उभी करायची. सिमेंट चांगले वाळू द्यायचे. नट वायसर घालून आवळायचे. चित्र साफ आले की नळीवर आणि पकडीवर मिळून रंगाची एक रेघ मारायची. पुढे वाऱ्याने किंवा वानराने छत्री फिरवली तर रेघ जुळवली की झाले, ओरडायला नको. वानरांचे औषध मात्र मामांनाही ठाऊक नाही.

काही जण म्हणतील, एका टीव्हीसाठी एवढा खटाटोप काहून? 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा दादा दुसरीत होता. आमच्याकडे मोठा मोबाइल नव्हता. तो सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' पाहून शिकला. आजीला डोळ्यांनी वाचता येत नाही, ती बातम्या ऐकते.

बाबा म्हणाले आहेत की कापूस विकला की राजुऱ्याहून सिमेंट आणू. आजोबा अजून म्हणतात, खाली चित्र येणारच नाही. पालकसभेला ते येणार आहेत. तेव्हा मी त्यांना या फळ्यापाशी उभे करून हे सगळे वाचून दाखवणार आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी