ट्यूब सोबत घेऊन या

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, चेहऱ्याला काय लावता? उत्तर ठरलेले असते : ‘‘काही नाही डॉक्टर, साधी क्रीमच.’’ पुढच्या खेपेला ट्यूब सोबत आणायला सांगितली, की त्या साध्या क्रीमवर अनेकदा बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव सापडते. ही सौंदर्यप्रसाधने नव्हेत, स्टेरॉइड औषधे आहेत.

परवा आलेल्या मुलीचे लग्न महिन्यावर आले होते. वर्षापूर्वी शेजारणीने सुचवलेली ट्यूब तिने मेडिकलमधून आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, घरचे खूश झाले. काही महिन्यांनी उन्हात गेले की चेहरा भाजल्यासारखा लाल होऊ लागला. गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, पुटकुळ्या उठल्या, हनुवटीवर लव आली. घाबरून क्रीम बंद केली तर आग वाढली. पुन्हा लावली की शांत. ‘‘लग्नापर्यंत बरं होईल ना?’’ तिने विचारले. नाही, असे खरे उत्तर द्यावे लागले. अशी त्वचा सावरायला कित्येक महिने लागतात.

स्टेरॉइड त्वचेचा दाह दाबते, रक्तवाहिन्या आकसवते आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचे काम मंदावते. म्हणून चेहरा गोरा दिसतो. पण त्याच वेळी त्वचा पातळ होत जाते. योग्य आजारात, ठरावीक दिवस वापरले तर हे उत्तम औषध आहे. डोळ्यांभोवती महिनोन्महिने लावले तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. गजकर्णावर लावले तर खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. क्रीम लावणाऱ्या व्यक्तीच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीतील प्रथिने लगेच तपासून घ्यावीत. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक नसलेली डबी विकत घेऊ नका. ‘सोन्याच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली तर अधिक सावध व्हा. पारा सोन्याला धरतो.

गोऱ्या लोकांच्या देशांत हव्यास उलटा आहे. तिथे कातडी सावळी करायला लोक अतिनील किरणांच्या टॅनिंग बेडवर झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये या उपकरणांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने अशा व्यवसायावर बंदी घातली. ज्या रंगद्रव्यासाठी ते जीव धोक्यात घालतात, ते आपल्याला जन्मतः मिळाले आहे. उन्हाच्या कर्करोगापासून तेच आपल्याला बरेचसे वाचवते. त्याला आपण डाग समजतो.

मग करायचे काय? वांग, काळे डाग हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. ते तज्ज्ञाकडूनच घ्यावेत. उन्हात जाताना छत्री, पूर्ण बाह्या, स्कार्फ आणि किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन, जे दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचे. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. त्याने डाग वाढतात. स्टेरॉइड क्रीम महिनोन्महिने लावत असाल तर मनाने एकदम थांबवू नका आणि लावतही राहू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

स्टेरॉइड मलमांवर 2018 पासून चिठ्ठीचे बंधन अधिक कडक झाले आहे. तरीही ‘गोरं होण्याची ट्यूब’ म्हटले की ती काउंटरवर येते. औषध दुकानदारांनी चिठ्ठी मागितली आणि अन्न व औषध प्रशासनाने ती मागितली जाते की नाही हे नियमित तपासले, तर आमच्या दारातील रांग नक्की आखूड होईल. तोपर्यंत घरातली ट्यूब उजेडात धरा, बारीक अक्षरे वाचा. वाचता आली नाहीत, तर येताना सोबत घेऊन या.