सातपूरचा क्लाउड, नांदगावचा कांदा

नांदगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली चढते आणि भाव लगेच व्हॉट्सअ‍ॅपवरून वाड्यावस्त्यांवर पोचतो. व्हॉट्सअ‍ॅप मेटाचे, बहुतेक फोनमधले अँड्रॉइड गूगलचे. अशा बलाढ्य कंपन्यांपुढे लहानांचा निभाव लागतो का, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये उभी केलेली ईएसडीएस ही कंपनी नाशिकच्या सातपूरमधून क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने सर्व्हर, विकते आणि तिची गाठ थेट अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टशी आहे. तिच्या ईनलाइट प्रणालीत वापर वाढला की सर्व्हरची मेमरी व प्रोसेसर आपोआप वाढतात, ओसरला की घटतात, बिल वापरापुरते. लिलावाच्या वेळेतल्या गर्दीसाठी महिनाभर मोठा सर्व्हर कशाला पोसायचा? लहान संस्थेला परवडतो तो हाच हिशेब.

मात्र नुसत्या कौतुकावर कंपन्या तगत नाहीत. २०२० मध्ये आलेल्या ‘कू’ या देशी समाजमाध्यमाचा केवढा गाजावाजा झाला, जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या ‘अराट्टाई’ या मेसेजिंग अ‍ॅपवरही सप्टेंबर २०२५ मध्ये झुंबड उडाली होती. पण खुद्द झोहो वाढली ती पैसे मोजणाऱ्या ग्राहकांमुळे. म्हणून आमचा आग्रह आहे, तालुक्यातील पतसंस्था, बाजार समिती आणि महाविद्यालयांनी सॉफ्टवेअर घेताना इथल्या नवख्या कंपनीला निदान वर्षभराचे काम द्यावे, चुका दाखवून सुधारून घ्याव्यात आणि बिल वेळेवर चुकते करावे. पुण्याची वाट धरणाऱ्या नांदगावच्या अभियंत्यांना पहिला ग्राहक गावातच मिळायला हवा.